घराच्या मागे पण जा : अमेरिकेच्या दक्षिणेत राहणाऱ्या मराठी कॅमेरावाल्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

व्हर्जिनिया, मेरीलँड, दोन्ही कॅरोलायना, जॉर्जिया, अलाबामा इकडे राहणारे आणि हातात कॅमेरा नाहीतर निदान बरा फोन असणारे जे कुणी मराठी लोक आहेत त्या सगळ्यांना हे पत्र आहे. मोठं झालंय, पण चहा घेऊन बसा आणि पूर्ण वाचा ही विनंती.

लाँग वीकेंड झाला की मंडळाच्या ग्रुपवर फोटो पडायला लागतात. कुणी विल्यम्सबर्गला जाऊन आलेलं असतं, कुणी चार्ल्सटनला, कुणाचे आईबाबा भारतातून आलेले असतात म्हणून त्यांना जुनी घरं दाखवायला नेलेलं असतं. फोटो छान असतात, आपल्यातल्या काही जणांची नजर फारच चांगली आहे, पण जवळजवळ प्रत्येक फोटो घराच्या पुढून काढलेला असतो, मधोमध दरवाजा, दोन्हीकडे सारख्या खिडक्या, वर निळं आभाळ. मागे कुणी जात नाही, विटेच्या जवळ कुणी जात नाही, आणि खाली ना तारीख ना घराचं नाव. माझं मागणं एवढंच आहे की दक्षिणेतल्या या जुन्या विटांच्या घरांचे फोटो आपण नोंद म्हणूनही काढूया, आणि नोंद म्हणायची तर घराची मागची बाजू, विटा, आणि ज्यांनी त्या विटा पाडल्या त्यांच्या राहायच्या जागा हे सगळं त्यात यायला हवं.

नॉर्दर्न व्हर्जिनियात आपले भरपूर लोक आहेत म्हणून तिथलंच उदाहरण आधी सांगते. अलेक्झांड्रियात ड्यूक स्ट्रीटवर १३१५ नंबरचं एक तीन मजली विटांचं घर आहे. १८१० नंतर थोड्याच वर्षांत एका जनरलने स्वतःला राहायला बांधलेलं, बाकी गावातल्या घरांसारखंच साधं सरळ. १८२८ मध्ये ते फ्रँकलिन आणि आर्मफिल्ड या दोघांनी भाड्याने घेतलं आणि त्यांचा धंदा माणसं विकण्याचा होता. व्हर्जिनिया मेरीलँडमधून गुलाम विकत घ्यायचे, मागच्या आवारात कोंडायचे, आणि जहाजात भरून नाहीतर साखळीने बांधून पायी खाली मिसिसिपी लुइझियानाकडे पाठवायचे. पुढे मालक बदलत गेले पण धंदा तोच राहिला, आणि १८६१ मध्ये यादवी युद्धात युनियनचं, म्हणजे उत्तरेकडचं, सैन्य शहरात आलं तेव्हा तिथे प्राइस, बर्च अँड कंपनीची पाटी होती. यादवी युद्धाच्या काळात काढलेला त्या घराचा फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर आहे, तो डाउनलोड करून मोठा करून बघा, कंपनीचं नाव आणि पुढे 'डीलर्स इन स्लेव्ज' हे शब्द किराणा दुकानाच्या पाटीवर असावेत तसे मोठ्या अक्षरात लिहिलेले दिसतात.

पण त्याहून मोलाचे फोटो त्याच घराचे आहेत आणि ते मागचे आहेत. कुणीतरी तो जड कॅमेरा, तिपाई आणि काचेच्या प्लेटा उचलून मागच्या आवारात नेल्या आणि तिथल्या कोठड्यांच्या दारांचा फोटो काढला. १८७० च्या सुमाराला ते मागचं बांधकाम पाडून टाकलं. पुढचं घर टिकलं, आज तिथे फ्रीडम हाऊस म्युझियम आहे आणि २०२० मध्ये शहराने ती इमारत विकत घेतली. म्हणजे आज तुम्ही तिथे जाऊन फोटो काढलात तर विटांचं एक नीटनेटकं घर येईल, आणि लोकांना जिथे कोंडलं ती जागा कशी दिसत होती हे मात्र त्या जुन्या फोटोंवरूनच बघायला मिळतं. तो फोटोग्राफर पुढूनच परत गेला असता तर काय राहिलं असतं आपल्याकडे, नुसता पाटीचा फोटो.

आता हे काम पद्धतशीरपणे कुणी केलं ते सांगते कारण आपल्या लोकांना हे फारसं माहीत नाही आणि माहीत असायला हवं. फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन नावाची बाई, जन्म १८६४ चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टनचा. वॉशिंग्टनमध्ये स्वतःचा स्टुडिओ, मोठमोठ्या लोकांचे पोर्ट्रेट काढायची. साठी ओलांडल्यावर, म्हणजे १९२७ मध्ये, तिला फ्रेडरिक्सबर्गसमोरच्या टेकडीवरच्या चॅटम नावाच्या विटांच्या घराच्या मालकीणबाईंनी फोटो काढायला बोलावलं. चॅटम १७७१ च्या सुमाराचं, विल्यम फिट्झह्यू याने बांधून घेतलेलं. त्या एका घरावरून काम वाढत गेलं, आधी फ्रेडरिक्सबर्ग आणि शेजारचं फाल्मथ, मग त्या फोटोंचं १९२९ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये प्रदर्शन, १९३० मध्ये लायब्ररीने जुन्या अमेरिकन इमारतींच्या चित्रांचा वेगळा संग्रहच सुरू केला, आणि १९३३ पासून कार्नेगी कॉर्पोरेशनच्या पैशावर ही बाई दक्षिणेतली नऊ राज्यं गाडीने पालथी घालत सुटली. १९४० पर्यंत सात हजारांवर निगेटिव्ह झाल्या. ही फिरती सुरू केली तेव्हा एकोणसत्तर वर्षांची होती, रस्ते कच्चे, कॅमेरा मोठा, आणि ती फक्त मोठे बंगले काढत नव्हती हे विशेष. स्वयंपाकघरं, गिरण्या, धान्याची कोठारं, मोडकळीला आलेली साधी घरं, ज्यांच्याकडे तेव्हा कुणी ढुंकून बघत नव्हतं ती सगळी तिने तितक्याच आदराने काढली. तिचे फोटो लायब्ररीच्या साइटवर फुकट बघता येतात.

त्याच १९३३ साली सरकारनेही हात घातला. मंदीत आर्किटेक्ट लोक बेकार बसले होते, नॅशनल पार्क सर्व्हिसमधल्या चार्ल्स पीटरसन याने नोव्हेंबरमध्ये वरिष्ठांना एक मेमो लिहिला की या लोकांना कामाला लावून देशातल्या जुन्या इमारती मोजून, नकाशे काढून, फोटो काढून ठेवूया. तोच हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे, ज्याला सगळे हॅब्ज म्हणतात. तो आजही चालू आहे. त्याच्या जोडीला पुढे इंजिनियरिंगच्या कामांची आणि बागा वगैरे जागांची नोंद सुरू झाली, आणि सगळं मिळून चाळीस हजारांहून जास्त जागांचं रेकॉर्ड लायब्ररीत जमा आहे, फुकट, आणि त्यातलं बहुतेक सगळं कुणीही वापरावं असं. त्यांचा नियम असा की मोठ्या फॉरमॅटच्या काळ्यापांढऱ्या फिल्मवरच फोटो हवा, कारण नोंद पाचशे वर्षं टिकायला हवी. आपण फोनवाले ते करू शकत नाही हे मला मान्य आहे. पण हॅब्जचा फोटोग्राफर प्रत्येक घरी पुन्हा पुन्हा जात नाही, अनेक घरांचे तर १९३० च्या दशकानंतर सरकारी फोटोच नाहीत, आणि मधल्या नव्वद वर्षांत घरं बदलली. तिथे आपला उपयोग आहे.

आता विटांकडे येऊ. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावरच.

सतराव्या अठराव्या शतकात व्हर्जिनियात घर बांधायचं म्हणजे वीट बाहेरून आणायचा प्रश्न फारसा नसायचा, विटा इंग्लंडहून जहाजाने आल्या ही गोष्ट गाइडसुद्धा सांगायचे पण बहुतेक घरांच्या विटा तिथल्याच मातीच्या आहेत. घराच्या जवळच माती खणायची, थंडीत ती उघड्यावर टाकून मऊ होऊ द्यायची, पाणी घालून पायांनी नाहीतर जनावरांकडून तुडवायची, लाकडी साच्यात दाबून भरायची, साचा उलटा करून वीट जमिनीवर सुकायला ठेवायची, आणि सुकल्यावर रचून मध्ये बोगदे ठेवून लाकडांनी दिवसरात्र भट्टी पेटती ठेवायची. ज्या विटेचं तोंड आगीच्या बाजूला असेल त्या तोंडावर लाकडाच्या राखेमुळे निळसर करडी चकाकी चढते. गवंडी त्या वेगळ्या काढून ठेवायचे आणि भिंतीत दर एक विटेआड आडवी घालून, म्हणजे विटेचं छोटं तोंड बाहेर ठेवून, नक्षी काढायचे. लांब बाजू, छोटं तोंड, लांब बाजू, छोटं तोंड अशी एकाच थरात आळीपाळीने विटा असल्या की तो फ्लेमिश बाँड. एक थर सगळा लांब बाजूंचा आणि त्यावर एक थर सगळा छोट्या तोंडांचा असला की तो इंग्लिश बाँड. व्हर्जिनियातल्या बऱ्याच घरांत जोत्याच्या भागात इंग्लिश आणि वर फ्लेमिश असतो, आणि मधे जिथे भिंत थोडी आत जाते तिथे घडवलेल्या विटांचा एक थर असतो. कोपऱ्यांच्या आणि खिडक्यांच्या कडेच्या विटा घासून लाल गुळगुळीत केलेल्या असतात. हे एकदा डोळ्यात बसलं की तुम्ही दुरून सांगाल की ही भिंत मूळची आणि हा तुकडा नंतर भरलेला.

याचा सराव करायचा असेल तर विल्यम्सबर्गला पॅलेस ग्रीनवर उभे राहा. समोर गव्हर्नर्स पॅलेस, ज्याच्यासमोर सगळे फोटो काढतात. तो पॅलेस १७८१ मध्ये जळून गेला होता, आज उभा आहे तो १९३४ मध्ये पूर्ण झालेला, जुन्या पायावर, जेफरसनने काढून ठेवलेला नकाशा आणि ऑक्सफर्डच्या बोडलियन लायब्ररीत १९२९ मध्ये सापडलेला एक तांब्याचा पत्रा, ज्याच्यावर विल्यम्सबर्गच्या इमारती कोरलेल्या होत्या, त्यांच्या आधाराने. आणि त्याच हिरवळीच्या कडेला जॉर्ज विथचं घर आहे, ते १७५० च्या दशकातलं, मूळचं. दोन्हीकडे जवळ जाऊन विटांचे फोटो काढा आणि घरी येऊन स्क्रीनवर शेजारी शेजारी लावा. आणि हेही लक्षात घ्या की कुणीतरी एक नकाशा काढून ठेवला आणि एक पत्रा कोरून ठेवला म्हणून दीडशे वर्षांनी अख्खी इमारत परत उभी करता आली.

आता हात. साच्यातून काढलेली ओली वीट उचलताना बोटं रुततात आणि भाजल्यावर तो ठसा कायमचा होतो. चार्ल्सटनच्या जुन्या भिंतींत असे बोटांचे ठसे आहेत, काही इतके लहान की ते मुलांचे आहेत हे बघताक्षणी कळतं. तिथे विटा पाडायचं काम गुलाम करायचे, बायका, मुलं सगळे. दुपारच्या उन्हात भिंत सपाट दिसते आणि ठसा अजिबात दिसत नाही, सकाळी लवकर नाहीतर सूर्य उतरताना ऊन भिंतीला घासून जातं तेव्हा विटेच्या कडेला तीन चार खोलगट सावल्या उठून दिसतात, तर्जनी, मधलं बोट, अनामिका असं ओळखू येतं इतकं. ठशावर हात ठेवून फोटो काढू नका. शेजारी एक छोटी पट्टी धरा, पट्टी नसेल तर क्वार्टरचं नाणं धरा, त्याचा व्यास सव्वाचोवीस मिलिमीटर आहे हे जगाला माहीत आहे, त्यामुळे पुढे कुणालाही त्या फोटोवरून बोटाचं माप काढता येईल.

याच लोकांच्या राहायच्या जागा बघायच्या तर चार्ल्सटनच्या पलीकडे माउंट प्लेझंटला बून हॉल नावाचा जुना मळा, म्हणजे प्लँटेशन, आहे. तिथे रस्त्याच्या कडेला नऊ छोटी विटांची घरं ओळीने उभी आहेत, साधारण १७९० ते १८१० मधली, गुलामांची. सहसा अशी घरं लाकडाची असायची म्हणून ती टिकली नाहीत, ही विटांची म्हणून टिकली, कारण त्या मळ्याचा मोठा धंदाच विटांचा होता, नदीकाठी भट्ट्या होत्या. लोक तिथे जातात, ओकच्या झाडांच्या कमानीत फोटो काढतात आणि परत येतात. माझी विनंती आहे की त्या नऊ घरांच्या चारही बाजू काढा, प्रत्येकाची, आतली चूल काढा, चिमणी काढा.

जॉन्स्टनबाईंचंच अजून एक काम इथे सांगावंसं वाटतं. दक्षिणेतल्या घरांच्या कितीतरी आधी, १८९९-१९०० मध्ये, तिने व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे फोटो काढले होते, ते पॅरिसच्या प्रदर्शनात गेले. त्यात एक फोटो आहे, काही विद्यार्थी एका घराचा जिना बांधतायत, प्रत्येक जण वेगळ्या पायरीवर, प्रत्येक जण हातातल्या कामात गुंग. पुढे तिने अलाबामातल्या टस्कीगीचे पण फोटो काढले, जिथे बुकर टी. वॉशिंग्टनच्या शाळेतली मुलं स्वतः विटा पाडून स्वतःच्या शाळेच्या इमारती बांधत होती. त्यांच्या पहिल्या तीन भट्ट्या फसल्या होत्या आणि चौथीसाठी वॉशिंग्टनने स्वतःचं घड्याळ गहाण ठेवलं होतं. टस्कीगीचं ओक्स नावाचं विटांचं घर आजही बघता येतं, आराखडा रॉबर्ट टेलरचा, बांधलं विद्यार्थ्यांनी. इथे घर कुणी बांधलं ते लिहून ठेवलेलं आहे. चॅटमच्या किंवा वेस्टओव्हर, शर्ली अशा व्हर्जिनियातल्या मळ्यांवरच्या मोठ्या घरांच्या फोटोंखाली मालकाचं नाव असतं, विटा पाडणाऱ्याचं बहुतेक वेळा नसतं. ही उणीव फोटोग्राफरची नाही, ती नावं मुळात कागदावर फार कमी ठिकाणी आली. म्हणूनच आपण जेव्हा कॅप्शन लिहू तेव्हा एवढं तरी लिहू की हे घर गुलामांच्या श्रमाने उभं आहे, आणि जिथे नाव सापडतं तिथे नाव लिहू. चॅटमला १८०५ च्या जानेवारीत नाताळची सुट्टी संपवून कामावर यायला सांगितलं म्हणून गुलामांनी बंड केलं होतं, ही माहिती त्या घराच्या फोटोखाली यायला काय हरकत आहे? १९३६ ते १९३८ मध्ये सरकारने पूर्वी गुलाम असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या होत्या, तेवीसशेच्या वर, त्या पण लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. तुमच्या काउंटीचं नाव टाकून शोधा, कधीकधी कुणी आपण कुठल्या मळ्यावर वाढलो ते सांगितलेलं असतं, आणि मग ते घर बघताना तुमचा कॅमेरा आपोआप वेगळ्या दिशेला वळतो.

आता चुन्याबद्दल थोडंसं, कारण आज घराला धोका बहुतेक वेळा इथूनच आहे. समुद्राजवळच्या या भागात चुनखडी नव्हती म्हणून कालवांच्या शिंपल्या भाजून चुना केला, कोकणात आणि गोव्यात जुन्या बांधकामांना शिंपल्यांचा चुना आहे तसाच. जवळून फोटो काढलात तर सांध्यांत शिंपलीचे पांढरे तुकडे दिसतात. हा चुना मऊ, वीटही मऊ, भिंतीतलं पाणी सांध्यातून बाहेर निघून जातं. नंतर कुणीतरी हौसेने सिमेंटने सांधे भरतं, सिमेंट कडक, पाण्याला वाट राहत नाही, मग ते विटेतून निघतं आणि विटेचं तोंड पापुद्र्यासारखं सुटतं. सँडब्लास्टिंगने भिंत साफ केली तर विटेची भाजलेली वरची कडक कातडीच निघून जाते आणि ती परत येत नाही. हे सगळं फोटोत पकडता येतं आणि दोनतीन वर्षांनी तिथूनच तसाच फोटो परत काढला तर किती वीट गेली ते दिसतं. म्हणून एकाच भिंतीचा फोटो त्याच जागेवरून पुन्हा काढणं हे मी सगळ्यात उपयोगाचं काम मानते, त्यात लाइक्स मिळणार नाहीत तरीही.

घरं जातात ती एका रात्रीतही जातात. ग्लॉस्टर काउंटीतलं रोझवेल, १७२५ मध्ये काम सुरू झालेलं, त्या काळातल्या व्हर्जिनियातल्या सगळ्यात मोठ्या घरांपैकी एक, १९१६ मध्ये जळलं. आज भिंती आणि चिमण्यांचे अवशेष उभे आहेत आणि आग लागायच्या आधीचे फोटो आहेत म्हणून ते घर कसं होतं ते आपण बघू शकतो. आपल्या शनिवारवाड्याच्या नशिबी ते नव्हतं. बाहेरचा तट आहे, खाली दगड आणि वर वीट, पण आतला वाडा १८२८ च्या आगीत गेला तेव्हा कॅमेरा अजून लोकांच्या हातात आलाच नव्हता. पुण्याच्या माणसाला तरी हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

तारखांबद्दल पण सावध राहा, पाटीवर लिहिलेलं साल कॅप्शनमध्ये जसंच्या तसं उतरवू नका. व्हर्जिनिया बीचचं थोरोगुड हाऊस कितीतरी वर्षं १६३६ चं सांगितलं जायचं, आता ते १७१९ च्या सुमाराचं मानतात, म्हणजे तब्बल ऐंशी वर्षांचा फरक. उलट सरी काउंटीतलं बेकन्स कॅसल, आर्थर अ‍ॅलनचं, १६६५ चं आहे हे तुळयांच्या लाकडातल्या वाढीच्या वर्तुळांवरून पक्कं झालंय, आणि व्हर्जिनियातलं सगळ्यात जुनं विटांचं राहतं घर म्हणून ते धरलं जातं. वळणदार बाजूभिंती, तीन तीन धुरांड्या एकत्र आणि त्या तिरक्या बसवलेल्या, असं घर या देशात तुम्हाला सहसा दिसणार नाही. नॉर्थ कॅरोलायनावाल्यांनी हर्टफर्डचं न्यूबोल्ड व्हाइट हाऊस बघावं, १७३० चं. साउथ कॅरोलायनावाल्यांनी ड्रेटन हॉल, जे १९७४ पासून नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि त्यांनी ते जसं मिळालं तसंच ठेवलंय, नवा रंग नाही, आत वीज नाही. फेअरफॅक्सच्या मंडळींना तर गन्स्टन हॉल घराजवळ आहे, जॉर्ज मेसनचं, विटांचं आणि कोपऱ्यांना व्हर्जिनियातल्याच अक्वियाच्या खाणींतला वाळूचा दगड.

काढायचं कसं हे आपल्यातले बरेच जण माझ्यापेक्षा जास्त जाणतात तरी सांगते. फोन वर तिरका करून काढला की भिंती आत झुकलेल्या येतात, म्हणून शक्य तितकं मागे जा आणि फोन ओळंब्यात धरा, घर फ्रेमच्या वरच्या अर्ध्या भागात आलं आणि खाली नुसतं गवत आलं तरी चालेल, नंतर कापता येतं. चारही बाजू, मग चारही कोपरे, मग एक एक खिडकी दार, मग विटांचा क्लोजअप पट्टी ठेवून, मग आवारातलं बाकी सगळं, स्वयंपाकघर, धुराडं, विहीर, गुलामांची घरं, कबरी. तारीख, वेळ, कुठल्या दिशेला तोंड करून काढला ते लिहा. फिल्टर लावू नका, मूळ फाइल जपा, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेली फाइल मूळ म्हणून ठेवू नका कारण ती दाबून लहान झालेली असते. बरीच घरं खाजगी आहेत, तिथे लोक राहतात, तेव्हा आधी विचारा, नाही म्हणाले तर रस्त्यावरून जे दिसतं तेवढंच. नॅशनल पार्कच्या हद्दीत ड्रोन उडवायला २०१४ पासून बंदी आहे, हौस असली तरी नाही म्हणजे नाही.

एक गोष्ट जरा मनाला लागेल पण बोलते. आपल्या मुलांच्या लग्नाचे, प्रीवेडिंगचे फोटो आता या मळ्यांवर व्हायला लागलेत. खांबांच्या पुढे शेरवानी, पैठणी. मुलांना दोष देत नाही, जागा सुंदर आहे आणि त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. पण जिथे माणसांना विकत घेतलेलं ठेवलं होतं ती जागा सजावट म्हणून वापरावी असं मला वाटत नाही, आणि ज्यांच्या खापरपणज्या तिथे राबल्या ते लोक आपल्या ऑफिसात, आपल्या मुलांच्या शाळेत आहेत. तुम्ही फोटोग्राफर म्हणून बोलावले गेलात तर दुसरी जागा सुचवा. २०१९ मध्ये पिंटरेस्टसारख्या मोठ्या साइट्सनी पण मळ्यांवरच्या लग्नांचा प्रचार थांबवायचं ठरवलं होतं.

फोटो काढून झाले की ते फोनमध्ये पडून राहू देऊ नका. विकिमीडिया कॉमन्सवर टाका, नीट कॅप्शन आणि लोकेशन देऊन, म्हणजे ते सगळ्यांना वापरता येतील. काउंटीच्या हिस्टॉरिकल सोसायटीला विचारा, अनेक ठिकाणी दोनतीन निवृत्त माणसं सगळा कारभार बघतात आणि त्यांना नवे फोटो हवेच असतात. व्हर्जिनियात राज्याचं डिपार्टमेंट ऑफ हिस्टॉरिक रिसोर्सेस रिचमंडला आहे, बाकी प्रत्येक राज्यात असं ऑफिस आहे, त्यांच्याकडे घरांच्या फाइली असतात. आणि पुण्यामुंबईहून इकडे आर्किटेक्चर शिकायला आलेल्या मुलामुलींना खास सांगणं, हॅब्जसाठी विद्यार्थ्यांनी काढलेल्या मोजमापाच्या नकाशांना चार्ल्स पीटरसनच्याच नावाचं बक्षीस आहे, कॉलेजमध्ये चौकशी करा, एखादं छोटं विस्मरणात गेलेलं विटांचं घर घ्या आणि ते मोजा. तुमचं नाव त्या रेकॉर्डवर कायम राहील.

यासाठी चांगला काळ म्हणजे थंडी. डिसेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत झाडांना पानं नसतात, घर पूर्ण दिसतं, ऊन दिवसभर तिरकं असतं. फक्त थंडीत काही घरं आतून बंद असतात तेव्हा निघायच्या आधी वेळा बघून घ्या. रिचमंड आणि हॅम्प्टन रोड्सच्या मंडळींनी बेकन्स कॅसल घ्यावं, जेम्सटाउनवरून सरीला जायची फेरी फुकट आहे आणि गाडी वर चढते, तिथे मुख्य घराच्या जवळच गुलामांचं लाकडी घर आहे, एकोणिसाव्या शतकातलं, ते चुकवू नका. अलेक्झांड्रियावाल्यांनी ड्यूक स्ट्रीट, आणि तिथे मागच्या बाजूला आज काय आहे तेही काढा. चार्ल्सटनवाल्यांनी आधी बून हॉलची नऊ घरं. अटलांटा आणि बर्मिंगहॅमवाल्यांना टस्कीगी दोनअडीच तासांवर आहे. कुठलं घर कोण घेतंय ते ग्रुपवर लिहा म्हणजे एकाच घरावर सगळे जाणार नाहीत. खाजगी मालकाला परवानगी मागायचं इंग्रजी पत्र लिहायला कुणाला अवघड वाटत असेल तर मला घराचं नाव कळवा, मी लिहून देते.

तुमचीच,
व्हर्जिनियात राहणारी एक मराठी वाचक